बर्फ न पडणाऱ्या गावात स्नोमॅन कसा उभा करायचा?

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात बालवाडी चालवणाऱ्या ताईंनी विचारलंय: 'माझ्याकडे 3 ते 6 वर्षांची 22 मुलं आहेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गॅदरिंग आहे, तेव्हा मांडायला मुलांच्या हातचे स्नोमॅन करायचे आहेत. गेल्या वर्षी कापसाचे केले. कापूस पुठ्ठ्याला कमी आणि पोरांच्या बोटांनाच जास्त चिकटला. जे झाले तेही तिसऱ्या दिवशी आडवे पडले. खर्च फार झेपणार नाही. त्यात आमच्या मोठ्या बाई म्हणतात, पोरांनी कधी बघितलाच नाही त्या बर्फाचा बाहुला कशाला?'

ताई, आधी मोठ्या बाईंचं बघू, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मी 27 वर्षं बालवाडीत आहे आणि पहिली काही वर्षं मीही हेच म्हणायचे. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर. डिसेंबरात सकाळी धुकं असं उतरतं की स्टँडवर आलेली बस आवाजावरून ओळखायची. पण बर्फ म्हटलं की आपल्याकडे फक्त गोळेवाल्याचा.

माझं मत बदललं ते एका चित्रामुळं. 'घरातली माणसं काढा' म्हणून सांगितलं होतं. एका मुलीनं आई काढली, आजी काढली, म्हैस काढली आणि उजवीकडची अर्धी बाजू तशीच कोरी ठेवली. म्हटलं, इथं कोण? म्हणाली, 'बाबा हाईत. बर्फात.' मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात. आपल्याकडे गल्लीत एक तरी फौजी सापडतो आणि सियाचीन हे नाव पोरांच्या कानावर पुण्या-मुंबईच्या बरोबरीनं पडत असतं. बाबा व्हिडिओ कॉलवर दिसतो तेव्हा त्याच्या मागं सगळं पांढरं असतं. तेव्हा 'पोरांनी बर्फ बघितला नाही' हे अर्धंच खरं. त्यांनी तो हातात घेतलेला नाही, एवढंच.

म्हणून बाहुला करायच्या आदल्या दिवशी एक काम करा. घरच्या फ्रिजमध्ये पिण्याच्या पाण्याचा बर्फ लावा, दोन डबे पुरे. गोळ्याच्या गाडीवरचा किंवा मासळीवाल्याचा बर्फ आणू नका, पोरं तो तोंडात घालणारच. वर्गात आधी अख्खा खडा फिरवा: आरपार दिसतो, काचेसारखा. मग तो जाड फडक्यात बांधून वरवंट्यानं ठेचा आणि फडकं उघडा. पांढराशुभ्र! खडीसाखर कुटली की पांढरी होते, तोच प्रकार. एका मोठ्या खड्याऐवजी हजार बारीक कडा झाल्या, प्रत्येक कडेवरून उजेड परततो, म्हणून पांढरं दिसतं. आभाळातून पडतो तो बर्फही असाच बारीक स्फटिकांचा, म्हणून तो पांढरा. तीन वर्षांच्या मुलाला हे सांगत बसायचं नाही, नुसतं दाखवायचं. पाच वर्षांची आपणहून विचारतात.

त्याच चुऱ्याचा लाडू वळल्यासारखा एक मोठा आणि एक छोटा गोळा वळून ताटलीत ठेवा. तुमची गोष्ट संपेपर्यंत तो मान टाकतो. इथं किल्ल्याची आठवण काढा. दिवाळीत आपली पोरं किल्ला करतात, तेव्हा कोरडी माती घसरते आणि ओली माती बसते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बर्फाचंही तसंच. फार थंडीत पडलेला भुरभुरीत बर्फ वळत नाही. शून्य अंशाच्या आसपासचा, जरा पाणी सुटलेला बर्फ वळतो. 'म्हणजे किल्ल्याच्या मातीसारखा', हे वाक्य माझं नाही, एका पोराचं आहे.

नावाचंही जरा सांभाळा. मराठीत 'हिममानव' म्हटलं की तो हिमालयातला केसाळ यती होतो, आणि एकदा एका बाळानं त्याच्या भीतीनं दोन दिवस शाळा सोडली होती. 'स्नोमॅन' म्हणा, नाहीतर 'बर्फाचा बाहुला'. दुसरा घोटाळा खास आपल्या बेळगावचा. कॅम्पात, म्हणजे छावणीच्या भागात, 31 डिसेंबरच्या रात्री जाळायला 'ओल्ड मॅन', म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा करतात, ते पोरांनी बघितलेलं असतं. माझ्या वर्गात बाहुला पुरा झाल्याबरोबर पहिला प्रश्न आला, 'बाई, हेला एकतीसला जाळायचं काय?' आधीच सांगून ठेवा की हा जाळायचा नाही.

आणि मोठ्या बाईंना हे नाताळचं काही तरी वाटत असेल तर सांगा की हा कुठल्याच धर्माचा देव नाही. थंडीच्या देशातल्या पोरांचा तो खेळ. नेदरलँड्समध्ये द हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 1380 च्या सुमाराचं एक हस्तलिखित आहे, त्यातला शेकोटीजवळ वितळत बसलेला स्नोमॅन हे त्याचं सगळ्यांत जुनं माहीत असलेलं चित्र मानतात. शेकोटी म्हटल्यावर बाई हसतील बघा.

आता सामानाकडे. थर्माकोलचे गोळे अजिबात नकोत. बाजारात कोणी दिले तरी घेऊ नका. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. आणि बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं: कापला की त्याचे मणी स्वेटरला चिकटतात, केसांत जातात आणि शेवटी कुणाच्या तरी नाकात.

तुमच्या 22 मुलांसाठी माझा पहिला कौल मोज्याच्या बाहुल्याला. प्रत्येक घरात जोडी हरवलेला एक पांढरा मोजा असतोच. टाच फाटलेली चालते. फक्त नडगीवरची नळी धड पाहिजे. मोजे गरम पाण्यात धुऊन वाळवा आणि टाचेच्या वर आडवे कापा. हे काम तुमचं, मुलांचं नाही. वरची नळी म्हणजे बाहुल्याचं अंग, बोटांकडचा भाग म्हणजे त्याची टोपी. नळी उलटी करून कापलेलं टोक दोऱ्यानं घट्ट आवळा, मग सुलटी करा. झाली पिशवी. रबर लावू नका, दोन-तीन महिन्यांत ते चिकट होऊन तुटतं आणि बाहुल्याचं पोट रिकामं होतं. वडगाव-शहापूरकडे कोणी ओळखीचं विणकर असेल तर मागावरचा तुटलेला धागा मागून आणा; एक मूठभर धाग्यात सगळा वर्ग होतो.

भरायचं काय? मी पहिल्या वर्षी तांदूळ भरले. दिसायला छान, हाताला छान, आणि फेब्रुवारीत बाहुल्यांच्या पोटातून टोके, म्हणजे धान्यातले किडे, बाहेर यायला लागले. तेव्हापासून वाळू. चाळणीनं चाळून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवलेली. अगदी बारीक वाळू मोज्याच्या विणीतून झिरपते, तेव्हा चाळणीवर राहिलेली जरा जाड घ्या. वाळू फक्त पोटात, एक वाटीभर. डोक्यात चिंध्या किंवा कापूस. तुमचे गेल्या वर्षीचे बाहुले पडले त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे: वजन खाली पाहिजे आणि डोकं हलकं पाहिजे. तंजावरची बाहुली आठवा, कितीही ढकलली तरी उठून बसते.

आता मुख्य अडचण. तीन वर्षांचं मूल एका हातानं मोजा धरून दुसऱ्या हातानं वाळू भरू शकत नाही. आपण मोजा धरला की आपणच सगळं करायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे पाणी प्यायचा स्टीलचा पेला. मोजा पेल्यात सोडायचा आणि त्याचं तोंड पेल्याच्या काठावरून बाहेर दुमडायचं, दळणाच्या डब्यात पिशवी बसवतो तसं. मग पेला उभा राहतो, मोज्याचं तोंड उघडं राहतं, आणि मूल दोन्ही हात मोकळे ठेवून चमच्यानं वाळू घालतं. खाली ताट ठेवा, सांडलेली वाळू परत कामाला येते. या एका पेल्यानं माझं काम इतकं हलकं केलं की मी नव्या टीचरना आधी हेच शिकवते. वाळू झाली की मूल वरून चिंध्या कोंबतं, मोज्याचं तोंड आणि गळा आपण बांधतो. दोनच गोळे करा. तीन गोळ्यांचा बाहुला अमेरिका-युरोपात जास्त करतात. जपानात युकिदारुमा दोनच गोळ्यांचा असतो, तेव्हा कोणी 'एक गोळा राहिला' म्हणालं तर खुशाल जपानचं नाव सांगा.

डोळ्यांना आणि बटणांना काळ्या टिकल्या. मखमली, मोठ्या. पाकीट दहा-पंधरा रुपयांत मिळतं, गोंद लागत नाही, आणि टिकली चिमटीत धरून कागदावरून सोडवणं हा बोटांना इतका चांगला व्यायाम आहे की लिहायला लागल्यावर त्याचा फायदा दिसतो. खरी बटणं, मणी, मिरी, यातलं काही या वयाला नको. ते तोंडात जातं, आणि तिथून श्वासनळीत जायला क्षण लागत नाही. टिकल्यासुद्धा मोजून द्या आणि मागचा कागद मोजून परत घ्या.

नाकाला खरं गाजर लावण्याचा मोह होतो. तीन दिवसांत ते सुरकुततं, चौथ्या दिवशी उंदीर येतो. गाजरी रंगाच्या कापडाचा त्रिकोण गुंडाळून एक टाका घाला, पुरे. माझी फजिती सांगते. एका वर्षी हुशारी सुचली आणि नाकाला वाळलेल्या लाल मिरच्या लावल्या. दिसल्या झकास. पण एका पोरानं मिरची दाबून बसवली आणि तोच हात डोळ्याला लावला. मग वर्गातलं कोण रडतंय आणि कोण बघून रडतंय हे कळेना. ती चूक माझी, तुम्ही करू नका.

कपडे मात्र आपले घाला. परदेशी चित्रातली उंच काळी हॅट कशाला? बोटांकडच्या तुकड्याची कड वर दुमडली आणि टोकाला लोकरीचा गोंडा लावला की झाली आपली टोपी. कुणाला कानटोपी पाहिजे असते, आजोबांसारखी. मफलरला जुन्या साडीचा काठ कापा. एक बोट रुंद पुरतो. काठ घट्ट विणलेला असतो, बाहेरची कड उसवत नाही, शिवायला लागत नाही. एकदा एका मुलानं आपल्या बाहुल्याला काळ्या लोकरीच्या तुकड्याची घोंगडी पांघरली आणि म्हणाला, 'हा मेंढरं राखतोय.' बर्फाचा धनगर! मला तो आजवरचा सगळ्यांत आवडलेला बाहुला.

कापसाचाच करायचा असेल तर गेल्या वर्षीचं गणित उलटं करा. बहुतेक ठिकाणी मुलाला आधी गोंद देतात, मग कापूस. बोटं ओली झाली की कापूस तिथंच बसतो. म्हणून पहिल्या दिवशी गोंद वर्गात आणूच नका. नुसते कापसाचे वाटाण्याएवढे गोळे वळायला द्या. प्रत्येकानं एक वाटी भरायची, वाटीवर नाव. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर गोंद तुम्ही ब्रशनं लावा, तोही एका वेळी तळहाताएवढ्याच जागेत. मुलानं वरून गोळे टाकायचे आणि चमच्याच्या पाठीनं दाबायचे, बोटानं नाही. शेजारी एक ओलं फडकं. गादीवाल्याकडचा कापूस स्वस्त मिळतो पण त्यात सरकीची टरफलं असतात आणि बाहुला मळका दिसतो. औषधाच्या दुकानातली गुंडाळी घ्या, एकात पाच-सहा बाहुले सहज होतात. कापसाऐवजी जोंधळ्याच्या लाह्याही फार सुंदर दिसतात, फक्त त्या मुंग्यांनाही तितक्याच आवडतात. दोन दिवसांच्या मांडणीला चालतंय की, आठवड्याला नाही.

गोंदाचा खर्च वाचवायला मैद्याची खळ करा: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत. एक गोष्ट मात्र ठळक सांगते. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत चिमूटभरसुद्धा नको. लागेल तेवढीच ताजी खळ करा आणि चिकटवलेलं काम त्याच दिवशी उन्हात कडक वाळवा.

पडण्याच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग पुठ्ठ्यात आहे. खोक्याचा पुठ्ठा कापला की कडेला नागमोडी कागद दिसतो, त्याच्या आतल्या नळ्या एकाच दिशेनं जातात. बाहुला कापताना या नळ्या उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर पुठ्ठा कमरेत वाकतो, आणि त्यात सकाळच्या धुक्याचा ओलावा मिळाला की तिसऱ्या दिवशी साष्टांग नमस्कार. तुमचे बाहुले व्हरांड्यात होते का? माझा अंदाज आहे की होते. पाठीमागं फोटोफ्रेमला असतो तसा त्रिकोणी टेकू लावा, किंवा बुडाशी नारळाची अर्धी करवंटी पालथी घालून तिला खाच पाडा आणि पुठ्ठा त्यात रोवा. करवंटीच्या आत मातीचा गोळा दाबला की वारासुद्धा काही करत नाही.

मातीचं तुम्हाला मी काय सांगू, खानापूरची माती मडक्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेली. जवळ कुंभार असेल तर मळलेली माती मागा. गोळा लिंबापेक्षा मोठा नको, भरीव मोठा गोळा वाळताना तडकतो. दोन गोळे जोडताना दोन्हीकडे काडीनं ओरखडे काढा, मातीचा रबडा लावा, मधे बारीक काडी खोवा, आणि सावलीत वाळवा. पांढऱ्या रंगासाठी चुना वापरू नका, हाताला आणि डोळ्यांना भाजतो. पोस्टर कलर पुरे. हा प्रकार पाच-सहा वर्षांच्यांना द्या. तीनवाल्यांना नुसते गोळे वळू द्या, त्यांना तेवढंच पाहिजे असतं.

भिंतीला कागदाचे हिमकण कापणार असाल तर एवढंच: हिमकणाला सहा बाजू असतात, आठ नाहीत. गोल कागद अर्धा दुमडा, मग त्या अर्ध्याचे तीन सारखे पदर करा, पुन्हा एकदा मधोमध घडी आणि मग कात्री. आपण सवयीनं अर्ध्याचं अर्ध, त्याचं अर्ध करत जातो आणि आठ पाकळ्यांचं रांगोळीचं फूल तयार होतं. सुंदर असतं, पण हिमकण नव्हे.

एका वेळी पाच-सहा मुलंच बसवा, वीस मिनिटं. बाकीची अंगणात. 22 जणांना एकदम बसवलंत तर तुम्ही बाहुले करणार नाही, नुसती वाळू झाडणार. शेवटच्या दिवशी खाऊला दोन इडल्यांचा स्नोमॅन ताटात आडवा मांडा, डोळ्यांना काळे तीळ, नाकाला उकडलेल्या गाजराची पातळ काडी. तो आडवाच असतो, पडायची भीती नाही.

मांडणी शाळेच्या आत करा, आणि पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला. म्हणजे जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. आपण पालकांना दिसावं म्हणून वर मांडतो आणि ज्यांनी केलं ती मुलं टाचा उंचावून बघत राहतात. आपल्या भिंती पांढऱ्या, बाहुले पांढरे, काही दिसत नाही. मागं काळी घोंगडी टांगा. बर्फाच्या जमिनीसाठी मीठ पसरू नका, त्याला पाणी सुटतं आणि सगळं ओलं होतं. जुनं धोतर चुरगाळून पसरा, उंच-सखल बर्फ तयार. कापसाजवळ पणती, मेणबत्ती, तापणारा बल्ब काही नको.

पहिला-दुसरा नंबर काढू नका. आणि हात आवरा. आदल्या संध्याकाळी, पोरं घरी गेल्यावर, वाकडं नाक सरळ करायला आपले हात शिवशिवतात. मी केलं आहे हे पाप. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं आपला बाहुला ओळखलाच नाही. सगळ्यांत शेवटच्या वाकड्या बाहुल्यापुढं उभी राहून 'हा माझा' म्हणाली, आणि तो दुसऱ्याचा होता.

प्रत्येकापुढं नुसती नावाची चिठ्ठी ठेवण्यापेक्षा मुलाला विचारा, हा कोण आहे, कुठून आला? जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. माझ्याकडच्या चिठ्ठ्यांत एक बाहुला 'निपाणीहून बसनं आला, तिकीट काढलं नाही' असा होता. एक कन्नड बोलायचा, कारण त्या मुलीची आई घरात कन्नड बोलते. आणि एक 'बाबांच्या पोस्टवर पहारा देतोय', तो कुणाचा ते तुम्ही ओळखलंच असेल. पालक बाहुल्यांपुढं कमी आणि या चिठ्ठ्यांपुढं जास्त थांबतात.

मोज्यांचा निरोप आजच पाठवा, जमायला आठवडा लागतो. मागच्या खेपेला आम्ही 22 मागितले तर 31 आले, त्यात 4 काळे. काळ्यांचे आम्ही कावळे केले आणि धोतराच्या बर्फावर बसवले.